झोपाळ्याची सळई किती ताणते

म्हसवडजवळच्या आमच्या गावात नवं घर बांधलं, तेव्हा पुढच्या सोप्यात, ओसरीवर, झोपाळा पाहिजे हा हट्ट वडिलांचा होता. अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलेला माणूस. "आता बसल्या जागी पाय हालवायचं," म्हणायचे. मी सांगलीत डिप्लोमाच्या मुलांना बांधकामाच्या साहित्याची ताकद शिकवते, त्यामुळे ते काम आपसूक माझ्याकडे आलं. स्लॅब पडायच्या आधीच मी तुळईच्या गजांत चार हूक अडकवून घेतले. सागवानी फळी आली, बोटभर जाडीच्या सळया आल्या आणि झोपाळा टांगला गेला. पाव्हणेरावळे, शेजारची पोरं, सगळी बसून गेली. आई मात्र कडेकडेनंच जायची.

तिचा डावा हात कोपरात सरळ होत नाही. लहानपणी पंचमीला चिंचेला बांधलेल्या झोक्याचा दोर तुटला आणि ती दगडांवर पडली. तेव्हापासून ती कुठल्याच झोक्यावर बसली नव्हती.

एका दुपारी तिनं मला विचारलं, "ही सळई तुटायची न्हाई, हे तुला कशावरनं ठावं?"

कुणी वर्गातही मला इतक्या काळजीनं प्रश्न विचारला नव्हता. मी तिच्याशेजारी बसले आणि सांगितलं, "माणसांचं वजन चार सळयांत वाटलं जातं. वाट्याला आलेलं वजन सळईच्या जाडीवर पसरतं. पसरून जेवढा ताण येतो, त्याच्या तीसपट आला तरी हे लोखंड सोसतं."

"आन् ताणत न्हाई?"

नाही म्हणून मोकळी झाले असते. पण आईशी खोटं बोलवेना. "ताणते," मी म्हणाले. "कागदाच्या जाडीएवढी."

"म्हंजी ताणतीया तर!" ती उठून आत गेली. दोरही तुटायच्या आधी ताणलाच असणार, हे तिच्या पाठमोऱ्या चालण्यातच दिसत होतं.

पुढच्या खेपेला मी कॉलेजातून परवानगी काढून डायल गेज आणला. घड्याळासारखी तबकडी, केसाहून बारीक हालचालही काट्यावर दाखवणारी. तो फळीजवळ, सळईच्या खालच्या टोकाला लावला. वडिलांनी आणि चुलत्यांनी ज्वारीची पोती एकेक करून फळीवर रचली. काटा सरकत गेला.

"हालला!" आईनं माझं मनगट धरलं.

"हालणारच. यात तुळईचं वाकणंही आलं. आता पोती काढा."

पोती उतरली तसा काटा मागं येऊ लागला. शेवटचं पोतं खाली टेकलं आणि तो निघाला होता तिथं, शून्यावर येऊन थांबला. आई वाकून बघत राहिली.

"परत आला व्हय?"

"ताण हद्दीत असला की लोखंड परत मूळच्या लांबीवर येतं. दरवेळी."

"परत रचा," ती म्हणाली.

"अगं, माझी कंबार!" वडील ओरडले, पण रचली त्यांनी. काटा गेला, आला. मग तिसऱ्यांदाही. चुलते हसत होते, आई हसत नव्हती. शेवटी तिनं फळीवर सांडलेली ज्वारी हातानं गोळा केली, पदर खोचला आणि वडिलांना म्हणाली, "आवं, तुमी बी बसा संगं."

दोघं बसली. तिनं डोळे मिटले होते, पाय जमिनीला घट्ट टेकवलेले. मी काट्याकडे बघितलं. पोत्यांच्या मानानं तो अगदी थोडासाच सरकला होता. गेज काढून घेतला तेव्हा तिनं एक डोळा उघडला. "किती झालं?"

"पोत्यांच्या निम्मंसुद्धा नाही."

तेव्हा कुठं तिनं पाय उचलले. झोपाळा इंचभर मागं गेला, पुढं आला. ती "अगं बया" म्हणाली आणि लहान मुलीसारखी हसली. ते हसू मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

आता सुट्टीला गेले की आई झोपाळ्यावर गहू निवडत बसलेली असते आणि वडील समोर खुर्चीवर. "तुझ्या मशीननं माझी जागा घालवली बघ," ते मला म्हणतात आणि पायानं हळूच फळीला रेटा देतात.