मोडीत गेलेले डबे

अंबडच्या एका कारखान्यात मी एकवीस वर्षं स्टोअर सांभाळते आहे. नट, बोल्ट, वॉशर, ऑइल सील, हातमोजे. प्रत्येक वस्तूला खण आणि प्रत्येक खणाला चिठ्ठी. चिठ्ठी नाही ती वस्तू हरवली समजा, असं मी नव्याने लागलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी बजावते. आणि एवढी शिस्तीची मी, घरी आले की मला मीठ सापडायचं नाही.

कारण स्वयंपाकघर सासूबाईंचं होतं. भिंतीवर स्टीलची मांडणी, तिच्या खाचांत उभी ताटं, खाली आकड्यांना लटकवलेले डाव आणि झारे. ओट्याच्या वर लांब फळी, आणि फळीवर स्टीलचे सतरा डबे. आत काय आहे ते एकावरही लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं होतं ते देणाऱ्याचं नाव. सासूबाईंच्या लग्नात आहेर आलेले डबे ते. त्या काळी भांड्यावर नाव घातल्याशिवाय आहेर होत नसे. देणाऱ्याचं नाव, गाव, सप्रेम भेट आणि लग्नाची तारीख, सगळं ठिपक्याठिपक्यांनी झाकणावर कोरलेलं. पन्नास वर्षं राखेने आणि काथ्याने घासूनही ते ठिपके बोटाला लागत.

ती नावं मी इथे सांगणार नाही. सांगून आता उपयोगही नाही.

सासूबाईंची एक लकब होती. डबा उघडण्याआधी त्या झाकणावरून अंगठा फिरवायच्या. कडेपासून मधोमध, सावकाश. मी त्यांना चिडवायचे, "आई, आमटी उतू चालली आणि तुम्ही माहेर कुरवाळत बसलाय." त्या हसायच्या. "तुला काय कळतंय," म्हणायच्या आणि बरोबर हवा तोच डबा उघडायच्या. मला खरंच काही कळत नव्हतं.

हळूहळू काही गोष्टी बदलल्या होत्या, पण आम्ही त्या बदलल्या असं म्हटलंच नाही. त्यांनी पेपर बंद करायला लावला. तशीही त्यांची शाळा चौथीपर्यंतच, पण मथळे वाचायच्या. "रोज तेच तेच असतंय," म्हणाल्या. दारात कुणी आलं की माणूस बोलेपर्यंत त्या गप्प राहायच्या. टीव्ही कोपऱ्याकडे मान करून बघायच्या. वय झालं की माणूस विचित्र वागतं, असं मी नवऱ्याला म्हणाले. त्याने मान हलवली. आमच्या घरात मान हलवून बरेच विषय संपतात.

गेल्या वैशाखात सासूबाईंचा थोरला भाऊ गेला. त्या चांदवडला गेल्या, आणि तेरावं होईपर्यंत तिथेच राहणार होत्या. मला वाटलं, हीच वेळ. किती दिवस ट्रॉल्यांचं मनात होतं, पण त्यांच्या समोर मांडणीला हात लावायची छाती नव्हती. नवऱ्याला मी सांगितलं की आई दुःखातून येतील, घर नवं दिसलं की मन रमेल. हे मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं. आज खोटं कशाला बोलू? ते स्वयंपाकघर मला माझं करायचं होतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि अजून मी त्यात पाहुणीसारखी विचारत होते, की जिरं कुठे आहे.

सुतार आले, फळी काढली, मांडणी उतरवली. भिंतीला मांडणीच्या चार भोकांचे डाग राहिले, त्यावर नव्या फरशा बसल्या. ओट्याखाली आठ ट्रॉल्या, हळूच ढकलली की आपोआप आवाज न करता मिटणाऱ्या. चमच्यांना खण, सुऱ्यांना खण, ताटांना तारांचं घर. आणि दोन ट्रॉल्यांत एकाच मापाचे, एकाच उंचीचे, पारदर्शक प्लॅस्टिकचे चोवीस डबे. प्रत्येकावर मी स्वतः चिठ्ठी चिकटवली, ठसठशीत अक्षरात: तूरडाळ, मूगडाळ, साखर, मीठ, रवा. सगळं झाल्यावर मी खुर्ची घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि एक कप चहा प्याले. इतकं समाधान मला स्टोअरचं ऑडिट पार पडल्यावरही झालं नव्हतं.

मांडणी आणि सतरा डबे मी रिक्षात घालून भांडी बाजारात नेले आणि मोडीत दिले. दुकानदाराने पोतं उलटं केलं, डबे खणखणत तराजूत पडले. स्टीलला मोडीत फारसं येत नाही, हे मला माहीत होतं. बदल्यात एक कढई घेतली. वर्षभर झालं, ती माझ्याच्याने वापरली जात नाही.

सासूबाई परतल्या त्या दुपारी. चप्पल काढून सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि भिंतीवर हात ठेवला, मांडणीच्या जागी. हात नव्या फरशीवरून घसरला. मी एकेक ट्रॉली ओढून दाखवत होते, तोंडाने अखंड बडबड चालू होती.

"लय चांगलं केलंस," त्या म्हणाल्या. मग हात वर फळीच्या जागी नेऊन, "अन माझे डबे?"

"मोडीत दिले, आई. सगळे पोचे आले होते."

त्यांनी पदराने हात पुसला, कोरडाच होता तरी. "बरं झालं," म्हणाल्या. "जुनेच झाले व्हते."

नंतरचे तीन महिने मी त्यांच्यावर चिडत काढले. चहात मीठ पडलं, वरणात हळदीऐवजी बेसन पडलं. चमच्याच्या खणात हात घालायच्या ऐवजी सुऱ्यांच्या खणात घातला आणि दोन बोटं कापून घेतली. ट्रॉली उघडीच राहायची आणि तिचा कोपरा त्यांच्या नडगीला लागायचा. मला वाटायचं, मुद्दाम चाललंय. नवं काही मानायचंच नाही, हा जुन्या खोडाचा हट्ट. एकदा मी कारखान्यातून लवकर आले तर त्या ट्रॉलीपुढे बसून एकेक डबा उघडत होत्या, बोट बुडवत होत्या आणि जिभेला लावत होत्या. एक झाला की दुसरा. माझं डोकंच फिरलं. उष्टा हात डब्यात घालायचा नाही हे मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात त्यांनीच शिकवलं होतं, तेही चारचौघांत.

"आई, सगळं उष्टं केलंत! देवाला काय दाखवायचं यातलं?"

त्यांनी झाकण लावलं. "चुकलं बाई," म्हणाल्या. सासू सुनेला चुकलं म्हणते, याचा मला त्या क्षणी आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला.

भाद्रपदात सासऱ्यांचं पितर होतं. त्या दिवशीचा स्वयंपाक दुसऱ्या कुणाला करू द्यायच्या नाहीत सासूबाई. खीर, कढी, वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. आणि पितराच्या स्वयंपाकाची चव घ्यायची नसते. आधी पान वाढायचं, पितर जेवायचं, मग घरच्यांनी तोंड लावायचं. त्यांनी ते आयुष्यभर पाळलं. न चाखता केलेल्या त्यांच्या खिरीला कधी नाव ठेवायला जागा नव्हती.

मी सकाळी न्हाणीघरात होते. बाहेरून त्यांनी विचारलं, "साखर कुठल्या डब्यात हाय गं?"

"दुसऱ्या ट्रॉलीत, पुढून तिसरा डबा," मी आतून ओरडले. "लिहिलंय की त्याच्यावर!"

आदल्या रविवारी मी सगळे डबे धुऊन, पुसून, भरून परत लावले होते. कुठला पुढून कितवा हे बघितलं नव्हतं. चिठ्ठी असली की जागा लक्षात ठेवावी लागत नाही, चिठ्ठीचा फायदा तरी दुसरा काय असतो? तिसरा डबा जाड्या मिठाचा होता. त्यांची बोटं तव्यावर भाजून भाजून निबर झालेली, साखरेचे दाणे काय आणि मिठाचे काय. जीभ लावायची त्या दिवशी सोय नव्हती. आणि अंगठ्याखाली सगळी झाकणं सारखी गुळगुळीत.

पितर म्हणून सासऱ्यांचे धाकटे भाऊ गावाहून आले होते. सत्तरी उलटलेले, कमी बोलणारे. गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवून आलो. कावळ्याने वडा उचलला आणि गेला. मग काकांना पाटावर बसवलं. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. काकांनी खिरीचा पहिला घास घेतला आणि त्यांचा हात वाटीवरच थांबला. मला वाटलं, भावाची आठवण आली. त्यांनी पाणी प्यायलं, पुढचा घास घेतला, पुन्हा पाणी. तीन तांबे पाण्यावर त्यांनी ती वाटी संपवली. सासूबाईंनी आणखी वाढायला पळी पुढे केली तेव्हा वाटीवर हात आडवा धरून म्हणाले, "बास वहिनी. पोट भरलं."

मग आम्ही बसलो. नवऱ्याने खीर तोंडात घातली आणि मोरीकडे धावला. मी बोट लावून बघितलं आणि उठले. आत सासूबाई कढईतले शेवटचे वडे काढत होत्या.

"आई, खिरीत मीठ घातलंत! बाबांच्या पितराला! काकांनी तशीच गिळली ती. एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय डब्यावर, दिसत नाही का तुम्हाला?"

झारा कढईत तसाच राहिला. त्या माझ्याकडे वळल्या. चेहऱ्याकडे नाही, माझ्या कानाच्या जरा बाजूला बघत होत्या. त्या तशाच बघतात हे मला दोन वर्षं दिसत होतं.

"नाय दिसत," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं झाली. कडंचं दिसतंय. मधलं समदं काळं हाय."

मी गॅस बंद केला. एवढंच सुचलं.

काका निघताना मी पायरीपर्यंत गेले आणि माफी मागितली. ते चपलेचा पट्टा लावत म्हणाले, "पितर पानावरून उठत नसतंय, बाई. मी दादाच्या जागी बसलो व्हतो." मग म्हणाले, "त्यांना बोलू नको काही." मी तर बोलून बसले होते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याचा आजार आहे. सुरुवातीला आणलं असतं तर इंजेक्शनं देऊन थोपवता आलं असतं, आता आहे तेवढं टिकलं तरी खूप. आधी का नाही सांगितलंत, असं त्यांनी विचारलं. त्याचं कारण सासूबाईंनी रिक्षात मला सांगितलं. त्यांच्या सासूचे डोळे गेले तेव्हा तिला चुलीपासून उठवून ओसरीवर बसवलं होतं. पुढची नऊ वर्षं ती तिथेच. ताट हातात द्यायचं, ताट हातातून घ्यायचं. "मीच द्यायची," त्या म्हणाल्या. "म्हणून सांगितलं नाय. माझे डबे व्हते तवर मला डोळ्यांची गरजच नव्हती बघ."

त्या दिवसानंतर त्यांनी ओट्याला हात लावला नाही. कुणी मनाई केली नव्हती. गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या, मी मेथी नेऊन दिली तर निवडायच्या, ताट नेऊन दिलं तर जेवायच्या. ताट हातात द्यायचं, ताट हातातून घ्यायचं. आता मीच द्यायची.

मी भांडी बाजारात गेले. दुकानदाराला मांडणीसुद्धा आठवली, पण माल केव्हाच भट्टीला गेला होता. मी तिथूनच स्टीलचे सहा डबे घेतले आणि शेजारच्या नावं घालणाऱ्याकडे बसले. त्याला म्हटलं, अक्षरं मोठी पाहिजेत, खोल पाहिजेत, बोटाला लागली पाहिजेत. त्याने विचारलं, काय घालू? मी सांगितलं: मीठ, साखर, चहा, हळद, तिखट, जिरं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत दुसरं काही शिकलेच नव्हते मी.

घरी येऊन मी पहिला डबा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि त्यांचा अंगठा धरून झाकणावर नेला. त्यांनी माझा हात बाजूला केला. स्वतः फिरवला अंगठा, कडेपासून मधोमध, सावकाश, पूर्वीसारखा. मग पुन्हा उलटा, मधून कडेपर्यंत. आता उठतील, आत जातील, मला म्हणतील बाजूला हो, असं मला खरंच वाटलं.

"कुणाचा हाय ह्यो?" त्यांनी विचारलं.

"मिठाचा, आई. बघा ना, मीठ लिहिलंय."

त्यांनी डबा मांडीवरून उचलून माझ्या हातात परत दिला.

"मीठ माझ्या थोरल्या भावाचं व्हतं," त्या म्हणाल्या.