शाळेच्या फाटकापुढचा धूर

मंडळी, आत्ताच इस्पितळातून घरी आले. कुणाशी तरी बोलावं म्हणून आपल्या इथल्या मराठी गटाला ही मेल लिहितेय.

आमच्या मल्लेश्वरम भागात शाळा सुटताना रिक्षा, गाड्या इंजिन चालू ठेवूनच उभ्या असतात. शेजारच्या सुमाअक्कांना दमा आहे, तरी त्यांनीच आम्हा बायकांना गोळा केलं. रोज फाटकाशी उभं राहून आम्ही प्रत्येकाला इंजिन बंद करायला सांगतो. रिक्षावाले ऐकूही लागले होते.

आज आमच्याच गल्लीतले एक गृहस्थ कार घेऊन आले. अक्का म्हणाल्या, "अण्णा, स्वल्प, जरा इंजिन बंद करा. पोरांच्या तोंडावर धूर येतोय."

"माझ्या एका गाडीनं काय होतंय?" म्हणत त्यांनी काच वर केली.

अक्का हटल्या नाहीत. बोलता बोलता त्यांना धाप लागली आणि त्या रस्त्यातच खाली बसल्या. शेवटी त्याच गाडीतून त्यांना इस्पितळात नेलं. सिग्नलला चारी बाजूंनी धूर होता. गृहस्थ हॉर्न वाजवत राहिले, पण कुणी वाट देईना.

अक्का ऑक्सिजनवर आहेत. त्यांची मुलगी मला म्हणाली, "मावशी, यापुढे आईला बोलवायला येऊ नका." बाकीच्या बायकाही घाबरल्यात.

उद्या मी एकटीच जाणार आहे. तुमच्यापैकी कुणी येईल का सोबतीला?