लुगड्यातला नवरा

"कापाचं त पाटलाले काप. माह्या माणसाले हात नको लावू."

हे वाक्य मावशीनं माझ्या खांद्याशी उभं राहून इतक्यांदा ऐकवलं की आमच्या घरी टरबूज कापतानाही कोणीतरी पाटलाची आठवण काढतं. मावशी म्हणजे सिंदी मेघेतली आमची शेजारीण. अशी एखादी म्हातारी तुमच्याही गल्लीत असेलच. दारात बसून साऱ्या रस्त्याची हजेरी घेणारी.

सुरुवात माझ्या हौसेनं झाली. काडेपेटीहून जरासा मोठा, पण खराखुरा चालणारा टीव्ही मी ऑनलाइन मागवला. बायको म्हणाली, "चष्म्याचा नंबर वाढला, आणि टीव्ही एवढासा?" मी तो मावशीला दाखवायला नेला. मावशीनं तो तळहातावर घेतला आणि परत दिलाच नाही.

"यात माह्या बुढ्याची गंमत टाकून दे."

मावशीचे दिवंगत यजमान हिंगणीकडे खडी गंमत, म्हणजे आपल्याकडचा तमाशा, करायचे. ढोलकी, तुणतुणं, आणि बाईचं काम पुरुषानंच करायचं. ते लुगडं नेसून नाचायचे. त्यांचा अगदी उतारवयातला एक खेळ कोणीतरी मोबाईलवर घेतला होता. मावशीचा मुलगा शाळेत मुख्याध्यापक. हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर तो हे लावू देत नसे.

"पाहुणे येतात, आई. बाबा लुगड्यात बरे नाई दिसत."

"मले बरे दिसते. तुहा टीव्ही तुले मुबारक!"

आता त्या खेळण्याला कुठलीही फाईल चालत नाही. त्याच्या मापाची, त्याच्या तऱ्हेची करून कार्डात टाकावी लागते. मी स्वतःला यातला जाणकार समजतो. पहिल्या खेपेला पडदा काळाच, नुसती ढोलकी वाजली. दुसऱ्या खेपेला चित्र आलं, पण मोबाईलचं लांबट चित्र चौकोनात बसवताना दोन्ही कडा उडाल्या. मधोमध पाटलाचं काम करणारा मिशीवाला राहिला आणि कडेला नाचणारे यजमान गायब! सगळं चित्र मावेल असं केलं, तर माणसं मुगाच्या दाण्याएवढी. तेव्हा मावशीनं तो हुकूम सोडला. मी यजमानांना मधे घेतलं आणि पाटील कापला. आता पाटलाचा फक्त आवाज येई, आणि यजमान कंबरेवर हात ठेवून हवेशी भांडत.

"आत्ता झाला खरा खेळ," मावशी म्हणाली.

रोज संध्याकाळी ती दारात बसून, आवाज पूर्ण मोठा करून तो पाही. मुलगा शाळेतून यायची हीच वेळ.

"आई, आत बसून पाह्य ना."

"काऊन? तुह्या बापानं चोरी केलती का? गावोगाव हजार लोकांपुढं नाचला तो. आता मी त्याले कोन्यात लपवू?"

मुलगा मान खाली घालून आत जाई. मी कुंपणापलीकडे झाडांना पाणी घालत असल्याचं दाखवी. पाइपात पाणी असो वा नसो.

मग छातीत दुखतं म्हणून तिला सावंगीच्या दवाखान्यात नेलं. तिथून ती घरी आली नाही. तिथे असताना एका दुपारी मी डबा घेऊन गेलो, तेव्हा तिच्या हाताला सलाइन लावलेलं होतं. टीव्ही तिनं मुलाच्या हातात दिला. "धर." त्यानं तो तिच्यासमोर धरला, पण स्वतः खिडकीबाहेर पाहत राहिला.

"आजी, मोबाईल बंद करा," सिस्टर म्हणाली.

"मोबाईल नाई व माय. माहा नवरा आहे."

सिस्टर हसत वाकली. शेजारच्या खाटेवरची बाईही उठून बसली. "अगं बाई, किती सुरेख नाचते! कोण आहे ही?"

विचारायच्या आधीच उत्तर देणाऱ्या मावशीनं या वेळी मुलाकडे पाहिलं. मी डब्याचं झाकण उगाच उघडबंद करत होतो.

"बाई नाही ती," मुलगा म्हणाला. मग सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा शाळेतल्या आवाजात म्हणाला, "माझे बाबा आहेत. हिंगणीचे." आणि त्यानं तो इवलासा पडदा बाकीच्यांकडे वळवला.

"अबे, इकडं धर," मावशी खेकसली. "मले दिसून नाई राह्यलं."