ताटातलं वचन

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी आम्ही ताटातून वचन उचलतो. नगरकडच्या आमच्या चर्चमध्ये ही रीत होती. इथे अमेरिकेत, फ्रीमाँटमध्ये दुसऱ्यांच्या चर्चचा हॉल भाड्याने घेऊन उपासना करणारी आम्ही थोडी मराठी ख्रिस्ती कुटुंबं आहोत, आम्हीही ती सोडलेली नाही. शास्त्रातली वचनं कागदाच्या पट्ट्यांवर लिहायची, गुंडाळायची आणि ताटात ठेवायची. हाताला जे येईल ते देवाने वर्षभरासाठी दिलं असं मानून फ्रिजवर चिकटवायचं. पट्ट्या मी लिहिते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर चांगलं आहे, आणि इथल्या इंजिनियरांचा मराठी लिहिण्याचा हात गेला आहे.

त्या वर्षी घरात सगळ्यांचं लक्ष माझ्या नातीच्या पट्टीवर होतं. ती सनीव्हेलला चिपच्या कंपनीत कामाला होती. नोकरी सोडून सेमिनरीत धर्मशास्त्र शिकायचं आणि चर्चची पाळक व्हायचं, असं तिने ठरवलं होतं. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, तिला नाही म्हणत नव्हता. तो म्हणायचा, "देवाची इच्छा असेल तर." नाही म्हणायची ही आमच्याकडची सभ्य पद्धत आहे. शेवटी त्याने जाहीर केलं, "ताटातून काय वचन येतं ते बघू. देवच सांगेल."

आदल्या दिवशी नात माझ्याबरोबर पट्ट्या गुंडाळायला बसली. कागदावर राग काढत होती.

"आजी, देव ठरवतो की माणूस, हे भांडण किती ओल्ड आहे माहितीये? ख्रिस्ती धर्म नवीन होता तेव्हापासूनचं."

मग तिने सांगितलं. तेव्हा पुष्कळ लोक मानायचे की सगळं ताऱ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. चर्चचे पहिले शिक्षक म्हणाले, नाही, देवाने माणसाला निवडायची मोकळीक दिली आहे, नाहीतर त्याला शाबासकी कशाची आणि शिक्षा तरी कशाची? पुढे चर्चमधल्याच दोघांची जुंपली. ब्रिटनहून रोमला आलेला एक साधू म्हणायचा, देवाने आज्ञा दिली म्हणजे ती पाळायची ताकदही दिली, सबबी सांगू नका. आफ्रिकेतला एक बिशप म्हणायचा, माणसाची इच्छाच मोडकी आहे, चांगलं करावंसं वाटणं हीसुद्धा देवाचीच कृपा.

"मला साधू पटतो," मी म्हणाले.

"आजी, त्याला चर्चने बाहेर काढलं."

"काढू दे. आणि बिशप चिठ्ठ्यांबद्दल काय म्हणाला?"

"संसारातल्या कामांसाठी शास्त्रातून असा कौल काढणं त्याला आवडायचं नाही. पण त्याचं स्वतःचं लाइफ बदललं ते शास्त्र उघडून, दिसेल ते वाचल्यावर."

"म्हणजे आपल्या पाळकांसारखाच की. लोकांना एक, स्वतःला एक."

ती हसली. तेवढ्यात मुलगा स्वयंपाकघरात डोकावला. "आई, थांबण्याबद्दलची वचनं घातलीस ना?"

"घातली. जाण्याबद्दलचीही घातली. तुझ्यासाठी गप्प बसण्याबद्दलचं शोधते आहे."

दुसऱ्या सकाळी हॉलमध्ये ताट फिरलं. नातीने पट्टी उचलली, पण उघडली नाही. मुठीत धरून सगळ्यांसमोर उभी राहिली.

"पप्पा, वाचायच्या आधी सांगते. मी जाणार आहे. डिसिजन माझं आहे. चुकलं तर जाब मी देईन, देवावर ढकलणार नाही."

मग तिने पट्टी उघडून वाचली. परमेश्वराची वाट पाहण्याबद्दलचं वचन होतं, माझ्याच अक्षरातलं. मागे एक काकू "अगंबाई" म्हणाल्या.

"बघ," मुलगा म्हणाला, "देव थांब म्हणतोय."

"हो ना, पप्पा. अॅप्लिकेशन पाठवलंय. उत्तराची वाट बघणारच आहे."

हॉल हसला. मुलगा हसला नाही. मी मात्र खुर्चीत ताठ बसले. घाबरून देवाच्या आड लपणारे मी खूप पाहिलेत. ही लपली नव्हती.

घरी येताना गाडीत मुलगा आणि मी दोघंच होतो. तो म्हणाला, "आई, हिच्या डोक्यात हे आलं कुठून? आपण कुणी असलं काही शिकवलं नाही."

"तेच म्हणते मी. मी तिला डॉक्टर हो म्हणत होते, तू इंजिनियर केलंस. ही इच्छा तिच्यात आपण घातली नाही. मग कुणी घातली?"

मी बाजू साधूची घेतली होती, पण कामाला बिशप आला. दोघांतला खरा कोण ते मला ठाऊक नाही. नातीलाही नाही. ती म्हणते, तेच तर शिकायला जायचंय.

ऑगस्टमध्ये ती सेमिनरीत गेली. तिचं सामान मुलाने स्वतः गाडीत भरलं, कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या घराण्यात पाळक कुणी झालं नव्हतं, बाई तर नाहीच. आता ती सुट्टीत येते तेव्हा आमच्या हॉलमध्ये उपदेश करते. मराठी तुटकं आहे, पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. मुलगा पहिल्या रांगेत बसतो आणि शेजारच्याला सांगतो, "देवाची इच्छा होती."

मी त्याला कोपर मारून ऐकवते, "तिचीही होती."