पार्बताबाईंची मायखोली

पार्बताबाई उजव्या अंगठ्याचं नख कापत नसत. बाकीची नखं मातीत झिजून बोथट झालेली, हे एक मात्र पात्यासारखं वाढलेलं आणि कडेनं कायम हिरवट. या नखानं त्या शेवंतीचा शेंडा खुडत. टच् असा बारीक आवाज व्हायचा आणि कडवट वास दरवळायचा. पातूरला आमचं घर त्यांच्या घराला लागूनच, त्यामुळे माझ्या लहानपणाला हा वास चिकटलेला आहे.

त्यांच्या घरामागं उत्तरेला खिडकी असलेली एक खोली होती. घरातले सगळे तिला मायखोली म्हणत. भिंतीलगत रंगाच्या रिकाम्या डब्यांमध्ये शेवंतीची अकरा झाडं, एकही वीतभराहून उंच नाही. या माया, म्हणजे आईझाडं. बाहेर वावरात शेवंतीची हजार रोपं असत, दसरा-दिवाळीला फुलत आणि संपून जात. पण ती सगळी या अकरा डब्यांतून निघालेली.

पातूरच्या उन्हाळ्यात शेवंती बाहेर टिकत नाही. पार्बताबाईंच्या सासूनं, दुर्गाबाईंनी, माठाखाली झिरपणाऱ्या पाण्यावर एकच झाड जगवून ठेवलेलं असे. पार्बताबाईंनी त्याची खोली केली. खिडकीवर ओलं पोतं, चैत्रापासून कुलर, आणि दिवस लहान होऊ लागला की संध्याकाळी चार तास बल्ब. दिवस लहान झाला की शेवंतीला फुलायचं सुचतं, आणि मायीला फुलू दिलं की तिचे फुटवे संपतात.

“याईले वाटलं पायजे का उनाळाच चालू हाये,” त्या बल्ब लावताना म्हणायच्या. “फसवा लागते यायले. पोरायले फसवतो तसं.”

दर आठ-दहा दिवसांनी शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूनं कोवळे फुटवे येतात. चार बोटं लांबीचा फुटवा पेराच्या खाली कापायचा, खालची पानं काढायची, धुतलेल्या रेतीत खोचायचा आणि वरून प्लास्टिक झाकायचं. पंधराव्या दिवशी त्या फुटव्याला दोन बोटांत धरून अगदी हलकं ओढून बघत. रेतीनं धरून ठेवलं की त्यांचा चेहरा बदलायचा. “लागली,” एवढंच म्हणत. मूळ धरलेल्या फुटव्याला त्या काशी म्हणत.

या शेवंतीचं नाव सायशेवंती. दुधावर धरलेल्या सायीसारखा रंग, मध्यभागी किंचित हिरवट, आणि तोडल्यावर आठ दिवस न कोमेजणारी. ती बी धरत नाही. तिचं झाड फक्त तिच्याच तुकड्यातून होतं. म्हणजे मायखोलीतली अकराही झाडं दुर्गाबाईंच्या माठाखालच्या त्या एकाच झाडाचे तुकडे होती. दुसरीकडे कुठंच ती नव्हती. ती दुसरीकडे कुठं होऊ नये, अशीच या घराची रीत होती. फुलं कुणालाही द्यायची, काशी कुणालाच नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याला फुलं लहान आली. अमोल, त्यांचा मुलगा, म्हणाला, “माय, खत कमी पडलं.” खत वाढवलं. दिवाळीची फुलं आणखी लहान आली, रंगही विटका. यंदा उन्हाळ्यात माया खुरटल्या, आणि रेतीतले फुटवे पंधरा दिवसांनी ओढून पाहिले की नुसतेच हातात येऊ लागले. श्रावणात पार्बताबाईंनी एक डबा पिशवीत घातला आणि मला म्हणाल्या, “आचल, तू अकोल्याले जातंच असतं. चाल माह्यासंगं. मले त्याईचं बोलनं समजत नाई.”

अकोल्याला कृषी विद्यापीठात झाडांची तपासणी करणाऱ्या मॅडम वयानं लहान होत्या, शांत. पानं घेतली, तीन आठवड्यांनी बोलावलं. तीन आठवड्यांनी त्यांनी कागद पुढं केला नाही, आधी खुर्ची पुढं केली.

“मावशी, हा रसातला रोग आहे. याला फवारणी नाही. एका झाडाचा रस दुसऱ्याला लागला की पसरतो. तुम्ही ब्लेड कोणतं वापरता?”

पार्बताबाईंनी अंगठा वर केला.

मॅडम त्या नखाकडे क्षणभर बघत राहिल्या. “बाहेरून एखादं नवं झाड आणलं होतं का?”

दोन वर्षांपूर्वी अमोलनं अमरावतीहून रंगीत शेवंतीच्या तीन कुंड्या आणल्या होत्या. पार्बताबाईंनी कौतुकानं त्यांचेही शेंडे खुडले होते आणि तोच अंगठा घेऊन मायखोलीत गेल्या होत्या. त्यांनी हे सगळं सांगितलं, एखाद्या दुसऱ्याच बाईबद्दल सांगावं तसं.

“किती झाडं खुडली?”

“अकराही.”

“मग अकराही जाळावी लागतील.” मॅडम थांबल्या. “त्या कुंड्या यायच्या आधी कुणाला काशी दिली होती का? शेजारी, पाहुणे? तिथलं झाड जिवंत असेल तर ते निरोगी असू शकतं. एक जरी मिळालं तरी पुन्हा सगळं उभं करता येईल.”

पार्बताबाईंनी अंगठा मुठीत मिटला. मग म्हणाल्या, “पोरीले देल्ल्या होत्या. तीन. लग्नात.”

मॅडमचा चेहरा उजळला. पार्बताबाईंचा नाही. मला तेव्हा त्याचं नवल वाटलं.

त्यांची लेक आरती मोर्शीला दिलेली होती, लग्नाला सहा वर्षं झालेली. महालक्ष्म्या आठ दिवसांवर आल्या होत्या तेव्हा आम्ही निघालो. अकोल्याला बस बदलली, अमरावतीला बदलली. अमरावतीपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मोर्शीची बस सुटल्यावर अचानक म्हणाल्या, “पानी लय गरम नोतं.”

“कोणतं पाणी?”

त्यांनी सांगितलं. तुटक, माझ्याकडे न बघता. घरातली लेक सासरी जाताना काशी मागते. सगळ्यांदेखत मागते, तेव्हा नाही म्हणता येत नाही. म्हणून तिला काश्या द्यायच्या, पण त्याआधी मुळ्या कढत पाण्यात धरायच्या. वरून पानं तीन-चार दिवस हिरवी राहतात. मग झाड जातं, आणि सगळे म्हणतात, तिकडची माती नाही मानवली. दुर्गाबाईंनी आपल्या लेकीला असंच केलं होतं. आरतीच्या वेळेस दुर्गाबाई अंथरुणावर होत्या, तिथूनच त्यांनी विचारलं होतं, “बुडोल्या का?” पार्बताबाईंनी बुडवल्या होत्या.

“पन म्या लवकर काढल्या,” त्या म्हणाल्या. “दोन नाई तर एक तरी जगली असन. असन ना वं?”

मी त्यांचा हात धरला. नख माझ्या तळव्याला टोचत होतं.

आरतीच्या सासरी संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. आम्ही पोचलो तेव्हा ती मांडी घालून बसली होती आणि कोवळ्या रोपांवर कलमाचे डोळे बांधत होती. हात थेट आईचा, तेच झरझर फिरणं. फक्त तिच्या हातात चाकू होता, आणि प्रत्येक झाडानंतर ती तो एका वाटीतल्या औषधात बुडवत होती.

“अवं माय! सांगतलं कावून नाई? फोनले का कुलूप लावलं का?” ती हसत उठली. “अन् आचलले कायले उन्हात फिरवून राहिली? पोट्टी काळी पडन, लग्न नाई जमनार तिचं.”

पाणी झालं, चहा झाला. पार्बताबाईंची नजर अंगणातल्या कुंड्यांवरून फिरत होती. तुळस, मोगरा, सदाफुली, कोरफड. मग पुन्हा तुळशीपासून.

“काय शोधून राहिली, माय?”

“ते… तुले देल्ल्या होत्या ना. तीन काश्या.”

आरतीनं कप खाली ठेवला. “सहा वर्सानं इचारतं?”

“लागल्या का नाई?”

“नाई.”

“एकही?”

“एकही कशी लागन?” आरतीचा आवाज चढला नाही, म्हणून ऐकणं कठीण गेलं. “कुंडीत लावाले घेतल्या तवाच समजलं. मुळ्या बोटाले लागल्या, शिजेल भाजीवानी. आजीनं आत्याच्या काश्या बुडवल्या तवा कढत पान्याचा गंज कोनी धरला होता? म्याच धरला होता. सात वर्साची होती मी.”

पार्बताबाईंनी आपला कप तिच्या कपाशेजारी ठेवला.

“तरी महिनाभर पानी घातलं,” आरती म्हणाली. “सासू म्हने, कायले वाळेल काड्यायले पानी पाजून राहिली. मले वाटे, आजीनं आत्याले केलं. पन माही माय मले करनार नाई.”

मग पार्बताबाईंनी अकोल्याचं सांगितलं. रोगाचं, नखाचं, अकरा डब्यांचं. आरतीनं सगळं ऐकून घेतलं. जेवायला वाढलं, आईच्या ताटात वरण जास्त घातलं. निघताना एवढंच म्हणाली, “तुह्या हाताचं सारं शिकली मी. फक्त झाड नाई देल्लं तू.”

परतल्यावर अमोल झाडं जाळायला निघाला. पार्बताबाईंनी त्याला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं. “इतकी वर्सं झाली यायले फुलू नाई देल्लं म्या. एक खेप फुलू दे.” त्या संध्याकाळी मायखोलीतला बल्ब लागला नाही. पुढं कधीच लागला नाही. वीतभर झाडांवर दिवाळीला फुलं आली. शर्टाच्या बटणाएवढी, आणि त्यांना रंग म्हणावा असा नव्हताच.

भाऊबीजेला आरती आली. मायखोलीत गेली, बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली, “माय, एक काशी दे.”

“रोगी हाये वं.”

“माह्याकडं दुसरी शेवंतीच नाई. लागन कोनाले रोग? असू दे रोगी.”

पार्बताबाईंनी नवं ब्लेड मागवलं. फुटवा निवडायला त्यांना अर्धा तास लागला. शेवटी बुडाशी आलेला एक कोवळा, न फुललेला फुटवा त्यांनी कापला, खालची पानं काढली. मूळ फुटायची वाट बघायला आता वेळ नव्हता, म्हणून नुसता फुटवाच ओल्या रेतीच्या डब्यात खोचला, वर प्लास्टिक बांधलं आणि आरतीच्या हातात दिला. सगळं तिच्यासमोर केलं, ओट्यावर, उजेडात. दुसऱ्या दिवशी आरती गेल्यावर अमोलनं अकराही डबे मागं नेऊन रिकामे केले आणि झाडं जाळली. ओली होती, नीट जळेनात. धूर दुपारपर्यंत आमच्याही घरात येत होता.

पार्बताबाई दिवस मोजत होत्या. पंधराव्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या आणि मला मोर्शीला फोन लावायला सांगितलं. फोन त्यांनी कानाला न लावता समोर धरला, त्यामुळे आरतीचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“ओढून पाह्यली का?”

“पाह्यली.”

“मंग?”

“हातात आली, माय. बूड काळं पडलं होतं.”

रोगी फुटवा बहुतेक मूळ धरत नाही, हे मॅडमनी आम्हाला अकोल्यातच सांगितलं होतं. पार्बताबाईंना ते माहीत होतं. आरतीलाही त्यांनी ते सांगितलेलं होतं. तरी त्यांनी फोन तोंडाजवळ नेला.

“आरती, या खेपेले म्या काही नाई केलं. तुह्यासमोर कापली ना? या खेपेले गरम पानी नोतं वं.”

पलीकडे नर्सरीत कुणीतरी पाण्याची मोटर सुरू केल्याचा आवाज आला.

“असन,” आरती म्हणाली.