पारशिवनीच्या शाळेवर वीज पडली

इमारत किती उंच, भोवती मोकळं किती, आत माणसं किती बसतात, हे पाहून विजेचा धोका ठरवायचा. मग गच्चीवर टोकदार सळई उभारून तिथून जमिनीत खोलवर तांब्याची पट्टी उतरवायची, हा पुष्पलता धकातेचा धंदा. घरातला हातमाग बंद पडल्यावर तिनं आयटीआय केलं आणि हे काम धरलं. सासू पंचफुलाबाई मात्र शेजारणींना सांगायच्या, "सून वायरमन आहे."

पारशिवनीजवळ माळावर एकट्या उभ्या असलेल्या शाळेला तिनं अशी पट्टी लावली होती. पट्टीवर एक छोटा डबा. वीज उतरली की त्यातला आकडा सरकतो. वर्षं गेली, आकडा शून्यच. मुख्याध्यापक शालिकराम सर चिडवायचे, "काहून जी ताई, पाहुणी आली नाही अजून?" ती हसायची. वीज पडावी असं कसं म्हणणार? पण आपलं काम खरंच चालतं का, हे तिला तरी कुठं कळलं होतं!

परवा सोमवारी सकाळी सरांचा फोन आला. "ताई, एक! काल कडाडली, आज पाह्यतो तं आकडा एक!"

"कोणाले काही झालं तं नाही?"

"रविवार होता जी, शाळा रिकामी."

"अन् कम्प्युटर?"

"पोरं गेम खेळून राहिले त्याच्यावर!"

पुष्पलतानं सासूला कमरेत धरून उचललंच.

"सोड वं, पडीन मी! झालं काय?"

"माय, वीज पडली!"

"अन् तू नाचून राहिली?"

सासूला स्कूटरवर मागं बसवून ती निघाली, वाटेत पेढे घेतले. शाळेत पोचताच पोरांनी गलका केला, पण तिनं सगळ्यांना आधी लांब उभं केलं. गच्चीवर सळई तपासली, एकेक जोड हलवून पाहिला, जमिनीचं अर्थिंग मोजलं. मीटरबोर्डातली संरक्षक डबी विजेचा झटका स्वतःवर घेऊन निकामी झाली होती, ती बदलली. सगळं ठीक. मग ती व्हरांड्यात बसून इतकी हसली की उचकीच लागली.

पंचफुलाबाई पट्टीला बोट लावून म्हणाल्या, "एवढ्याशा पट्टीतून उतरली? अन् गेली कुठी?"

"जमिनीत, माय."

त्यांनी पायाखाली पाहिलं आणि हळूच दोन पावलं बाजूला सरकल्या. मग पोरांच्या हातावर पेढे ठेवत सुटल्या, "घे रे, माह्या सुनेनं वीज उतरवली!"

परतताना पंचफुलाबाई मागून स्कूटर काही धड चालवू देईनात. "थांब वं, ती पाण्याची टाकी पाह्य, एकटीच उभी आहे!" एका मंगल कार्यालयापुढे तर त्या उतरल्याच आणि तरातरा आत जाऊन मॅनेजरसमोर उभ्या राहिल्या.

"पट्टी आहे का तुमच्याइथं?"

"कायची पट्टी, आजी?"

"पुष्पे, ये वं लवकर," त्या ओरडल्या, "याले काहीच माहीत नाही!"