शेठ गोड बोलले तर फोन ठेवा

विद्वांस सर गेल्याचा फोन आला, तेव्हा मी तो मधेच कापला. नंबर अनोळखी होता. पलीकडून एक मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, मी मुक्ता. बाबा सकाळी गेले." मी फोन ठेवला, खिशातली डायरी काढली आणि त्यांच्या डोंबिवलीच्या घरचा नंबर स्वतः लावला. तिनेच उचलला. पुन्हा तेच सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मुक्ता, माफ कर गं..." म्हणालो, तर ती रडता रडता हसली. "नाही काका, बरोबर केलंत. बाबा खूश झाले असते."

नियम त्यांचाच होता ना! बातमी मोठी आणि घाई मोठी असेल, तर फोन ठेवायचा आणि आपल्याकडच्या नंबरवर उलटा करायचा.

माझा एमआयडीसीत पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. दिवा स्टेशनजवळच्या एका खोलीतून निघालो, कल्याणच्या बाजारात रिकामी खोकी विकली आणि घासाघीस करत इथवर आलो. एका सकाळी कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर अडकले. कुणीतरी बिल समजून मेलमधली फाइल उघडली होती. खोक्यांची डिझाइनं, ऑर्डरी, सगळ्याला कुलूप, आणि पडद्यावर खंडणीची मागणी! तेव्हा कुणाच्या तरी ओळखीने विद्वांस सर आले. बँकेच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झालेले, हातात स्टीलचा डबा. माझ्या मॉनिटरला एक चिठ्ठी चिकटवलेली होती, त्यावर अख्ख्या कारखान्याचा एकच पासवर्ड... माझं नाव आणि एक-दोन-तीन. सरांनी ती मोठ्याने वाचली. "वा! चोराला चहा तेवढा विचारायचा राहिला."

जुन्या प्रती शोधून, आठवडाभर खपून त्यांनी बरंचसं परत मिळवलं. मग कायमचं काम बघा म्हणालो. त्यांनी फी सांगितली, मी निम्मी सांगितली. ते लगेच "चालेल" म्हणाले, आणि तिथेच मला संशय यायला हवा होता. "पैसे तुमच्या मनाने, नियम माझ्या मनाने." मी हात मिळवला. आयुष्यात मी हरलेला तो एकमेव सौदा.

कारण पहिलाच नियम निघाला, सर्व्हरचा मुख्य पासवर्ड मला मिळणार नाही. ते त्याला 'किल्ली' म्हणत. माझा कारखाना, माझी मशिनं आणि किल्ली मला नाही? मी टेबलावर हात आपटला. "मालक कोण, तुम्ही की मी?"

"तुम्हीच. म्हणूनच नाही. शेठ, इथे सगळे तुम्हाला घाबरतात. मग चोर कुणाच्या नावाने येईल?"

"ज्याला जेवढं लागतं, तेवढंच," हे त्यांचं पालुपद. आमचे हिशेब बघणाऱ्या शालनताईंच्या फोनमागे त्यांनी स्वतःच्या अक्षरात कागद लावला: शेठ गोड बोलले तर फोन ठेवा. मी तो तीनदा फाडला. तीनदा नवा लागला.

आणि मग तो दिवस आला! आजही सांगताना अंगावर काटा येतो. शालनताईंना माझा फोन आला. अगदी माझा आवाज, खोकल्यासकट. कॉम्प्युटर असे आवाज बनवतो म्हणे, लग्नातल्या भाषणाची एखादी क्लिप त्याला पुरते. आवाज म्हणाला, "कागदवाल्यांचं बँक खातं बदललंय. आजच नव्या खात्यात भरा. भाव ते म्हणतील तोच द्या. प्लीज, ताई." ताईंनी तिथेच फोन ठेवला आणि मला उलटा केला. मी शीळफाट्याला दोन ट्रकांच्या मधे अडकलेलो. "काय आग लागलीय का तिकडे?" म्हणून ओरडलो. ताई मागे वळून ऑफिसला म्हणाल्या, "हे आपले शेठ. तो खोटा होता!" सगळे हसत होते, ते मला फोनवर ऐकू येत होतं. भाव न पाडता शेठ हो म्हणतात, इथेच ताईंनी ओळखलं होतं. वाचलो! सरांना सांगितलं तर म्हणाले, "तुमचा स्वभाव हा उत्तम पासवर्ड आहे. कुणाला नक्कल जमत नाही."

पण माझा राग वेगळाच आहे. शेवटचं वर्ष सर आजारी होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. शालनताईंना माहीत होतं, कारण काम त्यांच्याकडे सोपवायचं होतं. मी मात्र विचारत राहिलो, "काय सर, डाएट करताय का?" ते डबा उघडून भात दाखवायचे. ज्याला जेवढं लागतं, तेवढंच... मग मला लागत नव्हतं? इतकी भांडणं केली, तरी मी कुणीच नव्हतो? हा राग मी सोडणार नाही.

दिवसकार्य झाल्यावर मुक्ता कारखान्यात आली. हातात बंद पाकीट. मी उठून हात पुढे केला, तर ती माझ्यासमोरून पुढे गेली आणि ते शालनताईंच्या हातात दिलं. किल्ली! ती गेल्यावर मी म्हणालो, "द्या इकडे."

"नाही, शेठ."

"सर गेले, आता कसला नियम?" कधी नव्हे इतका ओरडलो. पाकीट ताईंनी पदराआड धरलं. "सर गेले, नियम नाही गेला. मिळणार नाही."

मी गाडी काढून थेट कल्याण गाठलं. बाजारात, जिथे पूर्वी खोकी मांडून बसायचो, तिथे उभा राहिलो. राग उतरल्यावर लक्षात आलं, मला नाही म्हणणारं माणूस कारखान्यात अजून आहे. सरांनी ते तयार करून ठेवलं होतं. मला एकदम इतकं बरं वाटलं की मी तिथूनच फोन लावला आणि हळूच म्हणालो, "ताई... तुमचं बरोबर होतं. जेवलात का?"

फोन कट.

दुसऱ्या मिनिटाला माझा फोन वाजला. ऑफिसचाच नंबर. मी डोळे पुसले, घसा साफ केला आणि जोरात ओरडलो.